पाणी उकळतच नाही, तरी बॉयलरची नळी का फुटते?

तुमचा फोन आत्ता चार्जिंगला असेल, तर त्यातली थोडी वीज नागपूरजवळच्या कोराडीतून किंवा सोलापूरच्या एनटीपीसीतून आलेली असू शकते. दोन्हीकडे ६६० मेगावॅटचे संच आहेत आणि त्यांच्या माहितीत एक शब्द हमखास दिसतो : सुपरक्रिटिकल. म्हणजे काय विचारलं की बहुतेक जण सांगतात, "कोळसा कमी लागतो." बरोबरच आहे. पण त्या बॉयलरच्या नळ्यांमध्ये पाणी जे करतं, ते मला त्याहून भारी वाटतं. मी मेकॅनिकलवाला, नोकरी कोडिंगची (आपल्याकडे हे काही नवीन नाही!), पण हा विषय डोक्यातून गेला नाही.

आधी दाब समजून घेऊ. घरच्या कुकरमध्ये दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट होतो, म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब आणखी वाढवत नेला की उकळण्याचं तापमानही वर सरकतं आणि पाणी व वाफ एकमेकांसारखे दिसू लागतात. सुमारे २२१ बार दाबाला (समुद्रात सव्वादोन किलोमीटर खोल साधारण एवढा दाब असतो) आणि ३७४ अंश सेल्सिअसला दोघांतला फरकच संपतो. त्या दाबाच्या वर कितीही तापवा, बुडबुडे येत नाहीत. उकळणं हा प्रकारच बाद.

मग पाण्याची वाफ होते कधी? तर अशी एक वेळ नसतेच, ते सलग बदलत जातं. पण बदल जोरदार असतो. २५० बारला, ३५० अंशांवर एक घनमीटर पाण्याचं वजन सुमारे ६२५ किलो असतं. ४०० अंशांवर तेच १६६ किलो! आणि मध्ये ३८५ अंशांच्या आसपास आणखी एक गंमत होते. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एरवी ४.२ किलोज्यूल लागतात, इथे ७० च्या वर लागतात. या तापमानाला स्यूडोक्रिटिकल तापमान म्हणतात. इथे पाणी उष्णता स्पंजसारखी पितं, नळी छान थंड राहते. आच बेताची आणि प्रवाह भरपूर असेल तोपर्यंत.

आच वाढली आणि प्रवाह कमी पडला की चित्र उलटं. नळी उभी आहे, पाणी खालून वर चाललंय. भिंतीला चिकटलेला थर आधी ३८५ अंश ओलांडतो आणि एकदम हलका होतो. मधलं पाणी अजून जड आहे. हलका थर भिंतीलगत वर धावतो. आता वाटेल, वेग वाढला म्हणजे उष्णता जास्त नेली जाईल. तसं होत नाही. उष्णता आत पोचवायचं खरं काम घुसळण करते, आणि ती होते शेजारच्या थरांच्या वेगात फरक असला तर. एरवी भिंतीजवळचं पाणी हळू आणि मधलं जोरात असतं, म्हणून ताकातल्या रवीसारखी घुसळण चालू राहते. भिंतीजवळचा थरही मधल्याइतकाच पळायला लागला की फरक गेला, रवी थांबली. वर हा हलका थर उष्णता वाहून न्यायलाही कच्चा. म्हणजे भिंतीवर एक पांघरूणच पडलं.

खूप तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब चटकन आटत नाही, वाफेच्या गादीवर नाचत राहतो, तसंच काहीसं. फक्त इथे उकळणं नाही आणि धोक्याची खूण म्हणून बुडबुडेही नाहीत. तेवढ्या भागात नळीचं पोलाद तापतं, मऊ पडतं, आतून २५० बारचा रेटा असतोच. नळी फुगते, फुटते. हजारो नळ्यांपैकी एक फुटली तरी अख्खा संच बंद ठेवावा लागतो.

आता कोडवाल्यांसाठी. पाठ्यपुस्तकातलं १९३० चं डिटस-बोल्टर सूत्र एकाच, म्हणजे मधल्या पाण्याच्या, तापमानाचे गुणधर्म घेतं. इथे भिंतीजवळचं पाणी आणि मधलं पाणी जणू दोन वेगळे द्रव आहेत, त्यामुळे उत्तर चुकतं. थोडंथोडकं नाही, भरपूर. शिवाय तेच पाणी वरून खाली सोडलं तर घुसळण वाढते! त्या सूत्रात वर-खाली हा प्रकारच नाही.

यावरचा एक उपाय अगदी देशी डोक्याचा वाटेल : नळीच्या आत बंदुकीच्या नळीसारखे पिळाचे कंगोरे काढायचे. पाणी गरगर फिरतं, जड पाणी भिंतीकडे फेकलं जातं, पांघरूण टिकत नाही.

हे सध्या महत्त्वाचं आहे, कारण दुपारी सोलरची वीज भरपूर आली की या संचांना भार कमी करायला सांगतात. भार कमी म्हणजे नळ्यांतला प्रवाहही कमी. दाबही २२१ बारच्या खाली उतरू शकतो आणि मग खरंखुरं उकळणं परत सुरू होतं.

स्वतः बघायचं असेल तर कूलप्रॉप नावाची मोफत पायथॉन लायब्ररी आहे, फोनवरच्या ब्राउझरमध्ये कोलॅब उघडूनही चालते. दाब २५० बार ठेवा, तापमान ३५० पासून ४५० पर्यंत एकेक अंशाने वाढवा आणि विशिष्ट उष्म्याचा आलेख काढा. मग दाब ३०० करून परत काढा आणि टोक कुठे सरकलं, किती बसकं झालं ते कमेंटमध्ये टाका.