ऑक्टोबरचे दहा दिवस गेले कुठे? दिनविशेष फॉरवर्ड करण्याआधी ऐका

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आधी एक काम करा. आयफोन असेल तर कॅलेंडर ॲप उघडा आणि मागे जा. खूप मागे, १५८२ सालच्या ऑक्टोबरपर्यंत. अंगठा दुखेल, पण जा. काय दिसतं? १, २, ३, ४... आणि मग एकदम १५. मधले दहा दिवस गायब. हा बग नाहीये. ५ ऑक्टोबर १५८२ ही तारीख इटली, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये उगवलीच नव्हती. त्या दिवशी जन्म नाही, मृत्यू नाही, लग्न नाही, काही नाही. दिनविशेष लिहिणाऱ्याला सुट्टी.

आता हे का सांगतोय? तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हा आपल्याकडे दिनविशेषांचा सीझन असतो. २८ सप्टेंबरला लतादीदी, २ ऑक्टोबरला गांधीजी, ११ ऑक्टोबरला बच्चनसाहेब, २० ऑक्टोबरला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे', ८ नोव्हेंबरला पु. लं. रोज सकाळी ग्रुपवर कुणीतरी फुलांची बॉर्डर असलेलं कार्ड टाकतं : 'आजच्याच दिवशी...'. यातली बरीच कार्डं बरोबर असतात. १९९५ च्या सिनेमाला किंवा १९२९ च्या जन्माला कॅलेंडरचा काही त्रास नाही. त्रास सुरू होतो तो दोन-तीनशे वर्षं मागे गेल्यावर. तिथे 'आजच्याच दिवशी' म्हणायचं तर आधी विचारावं लागतं, कुठल्या कॅलेंडरमधल्या?

तर ते दहा दिवस. रोमन लोकांचं ज्यूलियन कॅलेंडर साधं होतं, दर चौथं वर्ष लीप. म्हणजे वर्ष सरासरी ३६५.२५ दिवसांचं. पण ऋतूंचं खरं वर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं आहे. फरक फक्त ११ मिनिटांचा. आपण म्हणू, ११ मिनिटांनी काय होतंय? कोडमध्ये असली राउंडिंगची चूक पहिली दहा वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. पण हा कोड दीड हजार वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालला. १५८२ पर्यंत वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा दिवस, २१ मार्चवरून घसरत ११ मार्चवर आला होता. चर्चला ईस्टरची तारीख त्याच्यावरून काढायची असते, म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी फेब्रुवारी १५८२ मध्ये आदेश काढला. लुइजी लिलिओ नावाच्या इटालियन वैद्याची कल्पना होती आणि ती नेटाने पुढे नेली क्लाव्हिअस या गणितज्ञाने. दोन बदल केले. एक, शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप. दोन, साचलेली चूक एका फटक्यात काढायची : ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर. ऑक्टोबरच का? तर त्या दिवसांत चर्चचे सण कमी होते. आपण रिलीज शुक्रवारी संध्याकाळी करत नाही ना, तसंच.

स्पेनमधल्या संत तेरेसा आव्हिलाकर नेमक्या त्याच रात्री वारल्या. ४ ऑक्टोबरची रात्र, उजाडली १५ ला. त्यांचा स्मृतिदिन आजही १५ ऑक्टोबरला पाळतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तारीख उडाली, पण वार उडाला नाही. ४ ऑक्टोबर गुरुवार होता, १५ ऑक्टोबर शुक्रवार. आठवड्याच्या साखळीला कुणी हात लावला नाही. म्हणजे जुन्या तारखांच्या बाबतीत वार हा आपला चेकसम आहे. तारीख खरी की खोटी, कुठल्या पद्धतीतली, हे वारावरून पकडता येतं.

आता पोपचं ऐकलं कुणी? कॅथलिक देशांनी. प्रोटेस्टंट इंग्लंडने साफ नाही म्हटलं, आणि तब्बल १७० वर्षं म्हणत राहिलं. शेवटी १७५२ मध्ये तयार झाले, तोवर फरक ११ दिवसांचा झालेला. २ सप्टेंबर बुधवारनंतर १४ सप्टेंबर गुरुवार. लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनल असेल तर 'कॅल ९ १७५२' ही कमांड इंग्रजीत टाइप करून बघा, मोडक्या दातांसारखा महिना दिसतो. लोकांनी 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणत दंगली केल्या असं वाचलं असेल तुम्ही. ती नंतर रचली गेलेली गोष्ट आहे, दंगलींचा पुरावा नाही. फॉरवर्ड काय, तेव्हाही होतेच.

रशिया तर १९१८ पर्यंत जुन्याच कॅलेंडरवर होता. म्हणून 'ऑक्टोबर क्रांती' झाली २५ ऑक्टोबर १९१७ ला, आणि तिचा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला. नावात ऑक्टोबर, परेड नोव्हेंबरमध्ये. शाळेत हे नुसतं पाठ केलं होतं आपण.

आता घरच्या मैदानावर येऊ.

सतराव्या शतकातला आपला किनारा डोळ्यापुढे आणा. गोव्यात पोर्तुगीज, ते नव्या ग्रेगोरियन तारखा लिहितायत. सुरतेच्या वखारीत इंग्रज, ते जुन्या ज्यूलियन. एकच दिवस, एकच समुद्र, आणि दोघांच्या पत्रांत दहा दिवसांचं अंतर. आणि मराठी दफ्तरात यातलं काहीच नाही. तिथे तिथी, वार, शके आणि संवत्सर.

आता १० नोव्हेंबर १६५९ घ्या. प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी अफझलखानाचा वध केला तो दिवस. दरवर्षी १० नोव्हेंबरला स्टेटस भरून जातात, आणि दरवर्षी कमेंटमध्ये तोच वाद : तारखेने की तिथीने? तिथी आहे मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, वार गुरुवार.

वार मिळालाय, म्हणजे चेकसम मिळाला. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टला विचारा, १० नोव्हेंबर १६५९ ला कुठला वार होता? (सूचना : नोव्हेंबरसाठी १० टाकायचं, ११ नाही, कारण जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजतं. 'नोव्हेंबर' या लॅटिन नावाचा अर्थ नववा, आपण म्हणतो अकरावा, आणि जावास्क्रिप्ट म्हणतं दहावा. बिचारा महिना.) उत्तर येतं १, म्हणजे सोमवार.

गुरुवार पाहिजे होता. मग इतिहास चुकला? नाही. जावास्क्रिप्ट आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर डोळे मिटून मागे ओढत नेतं. आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत १७५२ आधीच्या तारखा सहसा जुन्या ज्यूलियन पद्धतीने देतात. सतराव्या शतकात दोन्हींत फरक दहा दिवसांचा. दहा मिळवा : २० नोव्हेंबर १६५९. पुन्हा वार विचारा. गुरुवार!

अजून खात्री हवी? चंद्राला विचारा. शुद्ध सप्तमी म्हणजे आकाशात जवळपास अर्धा चंद्र हवा. स्टेलेरियमसारखं आकाशदर्शनाचं ॲप घ्या आणि त्यात १६५९ टाका. २० नोव्हेंबरला चंद्र अर्ध्याच्या आसपास आलेला दिसतो. १० नोव्हेंबर टाकलं तर मिळते कृष्ण पक्षाच्या शेवटाकडची बारीक कोर, अमावास्येच्या तीन-चार दिवस आधीची. म्हणजे वार आणि चंद्र, दोन वेगळे साक्षीदार एकच सांगतायत. मला ही गोष्ट भारी वाटते, कारण साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी दौत-लेखणीने नुसतं 'सप्तमी, गुरुवार' लिहून ठेवलं, आणि आज खिशातल्या फोनवर ते दहा मिनिटांत तपासता येतं. कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही. माझ्यावरही नाही, करून बघा.

मग स्टेटस १० नोव्हेंबरला टाकायचं की २० ला? माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंट करा, पण मुद्दा धरून करा. १० नोव्हेंबर सगळ्यांच्या मनात, पुस्तकात, कार्यक्रमात बसलेली तारीख आहे, ती हलवण्यात अर्थ नाही. फक्त 'बरोब्बर आजच्याच दिवशी इतकी वर्षं झाली' असं ठासून सांगू नका, कारण सूर्याच्या हिशेबाने तो दिवस २० ला येतो. आणि तिथीवाल्यांना 'जुनाट' म्हणायचं तर बिलकूल थांबा. मूळ नोंद तिथीचीच आहे. तारीख नंतर गणित करून काढलेली आहे. १९ फेब्रुवारी १६३० चंही असंच, तीही ज्यूलियन तारीख आहे, ग्रेगोरियनमध्ये १ मार्च येतो. त्यावरून ग्रुप सोडून जाणारे लोक मला माहीत आहेत, म्हणून तिथे इतकंच.

तिथीवाल्यांनीही फार कॉलर ताठ करू नये मात्र. 'आपलं पंचांग एक सेकंदही चुकत नाही' हा मेसेज आलाच असेल. पंचांगातलं निरयन वर्ष ताऱ्यांना धरून चालतं आणि ऋतुवर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे. म्हणून संक्रांत सत्तरेक वर्षांत एक दिवस पुढे सरकते. ज्यूलियनसारखंच, आणि त्याच दिशेने. हे प्रश्न सोडवायला स्वतंत्र भारताने कॅलेंडर सुधारणा समिती नेमली होती, अध्यक्ष मेघनाद साहा. होय, तेच भौतिकशास्त्रज्ञ, जन्म ६ ऑक्टोबर १८९३. त्यांच्या समितीमुळे १९५७ पासून राष्ट्रीय सौर कॅलेंडर आलं. आकाशवाणीवर 'भारतीय सौर' म्हणून जी तारीख सांगतात ना, ती. आजोबा सोडून कुणी कान देत नाही, पण ऋतूंना धरून चालण्यात ते अगदी चोख आहे.

आणि एकाच घटनेचे दोन वर्धापनदिन भांडण न करता कसे पाळतात, हे बघायचं तर नागपूरला जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी विजयादशमी होती आणि ती मुद्दाम निवडलेली होती, अशोक विजयादशमी म्हणून. त्यामुळे दीक्षाभूमीवर दसऱ्यालाही धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो आणि १४ ऑक्टोबरलाही. दसरा इकडेतिकडे पळतो : २०२३ ला २४ ऑक्टोबर, २०२४ ला १२ ऑक्टोबर, २०२५ ला थेट गांधी जयंतीवर. बारा चांद्रमास ३५४ दिवसांतच संपतात म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे, आणि अधिक महिना आला की टुणकन पुढे. तिथी आणि तारीख पुन्हा जवळ येतात साधारण १९ वर्षांनी. स्वतःचा तुमचाच वाढदिवस बघा, १९ व्या वर्षी तिथी आणि तारीख एकत्र किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने आली असेल.

बरं, आधुनिक काळात सगळं सरळ आहे असंही नाही. स्पुटनिक, माणसाने सोडलेला पहिला कृत्रिम उपग्रह, ४ ऑक्टोबर १९५७. जगभर याच तारखेला अंतराळ सप्ताह सुरू होतो. पण ही तारीख ग्रीनिच आणि मॉस्कोची. उड्डाणाच्या क्षणी भारतात ५ ऑक्टोबर उजाडून रात्रीचा एक वाजायला आला होता. इथे कॅलेंडर नाही, टाइमझोन नडतो. डेटाबेसमध्ये वेळ टाइमझोनशिवाय साठवणारे लोक अजून आहेत, त्यांना हा भाग नक्की पाठवा.

पॉप कल्चरमध्ये तर लोक तारीखच बदलून टाकतात. 'बॅक टू द फ्यूचर' च्या दुसऱ्या भागात मार्टी भविष्यात येतो तो दिवस आहे २१ ऑक्टोबर २०१५. पण त्याच्या आधीच २०१० मध्ये, मग २०१२ मध्ये गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो एडिट करून 'तो दिवस आजच!' म्हणून फिरवला गेला. खरा दिवस आला तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, हे तर झालंय की आधीच. सिनेमा यूट्यूबवर दोन मिनिटांत तपासता येतो, तरी ही अवस्था.

शेवटची गंमत खास आमच्या धंद्यातली. ॲप्समध्ये प्रत्येक नोंदीला एक लांबलचक ओळखक्रमांक देतात, यूयूआयडी म्हणतात त्याला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत वेळही गुंफलेली असते, १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांत मोजलेली. मोजायला सुरुवात कुठून? १ जानेवारी १९७० नाही. १५ ऑक्टोबर १५८२, मध्यरात्र. नव्या कॅलेंडरचा पहिला क्षण. तो ओळखक्रमांक जिथे जिथे वापरलाय, तिथे आजही पोप ग्रेगरींनी लावलेलं घड्याळ टिकटिकतंय.

१५ ऑक्टोबरला आपल्याकडे डॉ. कलामांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. तर मंडळी, तुमच्याकडे आलेलं एखादं जुन्या तारखेचं कार्ड, वारासकट असेल तर उत्तम, खाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यातली चार-पाच निवडून चेकसम लावून बघू. भेटू!