हात का अडखळतो?

वर्गात एखादा मुलगा पाढे घडाघडा म्हणतो, पण तेच पाटीवर लिहायचे म्हटले की अडतो. सदऱ्याच्या गुंड्या लावताना बोटे चुकतात, चेंडू हातातून निसटतो. गुरुजी म्हणतात, आळशी आहे. आळस नव्हे हो! स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असलेल्या पुष्कळ मुलांना ही अडचण असते. बोटांत बळ नाही असे नव्हे. किती दाबायचे, आधी काय हलवायचे, ही मेंदूतली जुळवाजुळव त्यांना कठीण जाते. अशा मुलाला शंभरदा गिरवायला लावणे ही निव्वळ शिक्षा होय.

त्यापेक्षा तुरीच्या शेंगा सोलू द्या, कणीक तिंबू द्या, जाड पेन्सिल द्या. आणि उत्तर तोंडी विचारा.

यावरील उपचाराला व्यवसायोपचार म्हणतात. त्याचे देशातले पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात काढले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता धरलेली असून परीक्षेत जादा वेळ व लेखनिक देण्याची तरतूद आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आईबापांना वेळीच काढायला सांगा. दहावीचे वर्ष उजाडेपर्यंत थांबू नका.