करवतीला फुटले पंख!

लाकूड कापायच्या मशीनचं इंजिन काढायचं, त्याला पंखा लावायचा आणि थेट विमानात बसवायचं. वेडेपणा वाटतोय? अमेरिका-युरोपातल्या हौशी मंडळींनी हा फंडा कधीच हिट करून दाखवलाय!

मे महिना संपत आला की आपल्या सोसायट्यांमध्ये एक आवाज हमखास येतो. घर्रर्रर्र! पावसाळ्याआधी फांद्या छाटायला आलेला माणूस चेनसॉ घेऊन झाडावर चढलेला असतो. एकदा त्याच्याकडे नीट बघा. तो मशीन आडवी धरतो, तिरकी धरतो, कधी तर चक्क उलटी. पण इंजिन काही बंद पडत नाही.

आता बाबांची जुनी स्कूटर आठवा. सकाळी स्टार्ट होत नसली की ती एका बाजूला तिरकी करायची आणि मग दणादण किक! इंजिन तर दोन्हीकडे टू-स्ट्रोकच. मग फरक कुठे? कार्बोरेटरमध्ये. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटीशी वाटी असते आणि त्यात एक फ्लोट तरंगत असतो. वाटी कलंडली की पेट्रोलचा हिशेब चुकला! चेनसॉमध्ये ही भानगडच नाही. तिथे डायफ्रॅम नावाचा पातळ पडदा इंजिनच्याच दाबावर वरखाली होतो आणि पेट्रोल खेचत राहतो. डोकं वर की पाय वर, त्याला काही फरक पडत नाही.

झाडावरच्या माणसाला असंच इंजिन लागतं. आणखी कोणाला लागतं? आकाशात कोलांट्या मारणाऱ्या विमानाला!

बडी विमानं, बडी तहान

रिमोटवर उडणारी विमानं म्हणजे खेळणी, असं वाटत असेल तर थांबा. या छंदात ‘जायंट स्केल’ नावाचा एक प्रकार आहे. एका पंखाजोडीच्या विमानाची रुंदी किमान ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या वर. आपल्या वन बीएचकेच्या बेडरूममध्ये ठेवलं तर बेड बाहेर काढावा लागेल!

छोट्या मॉडेलची ग्लो इंजिनं मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालतात. हे इंधन महाग. इंजिन मोठं झालं की ते पितंही भरपूर. मग मंडळींचं लक्ष गॅरेजमधल्या चेनसॉकडे गेलं. पेट्रोलमध्ये थोडं टू-टी ऑइल मिसळलं की काम झालं. १९८० च्या दशकात ही लाट चांगलीच पसरली. चेनसॉ आणि ब्रशकटर बनवणाऱ्या जपानच्या झेनोआचं जी-६२ हे ६२ सीसीचं इंजिन तर जायंट स्केलवाल्यांचं फेव्हरिट ठरलं. (ही कंपनी २००७ मध्ये स्वीडनच्या हस्कवार्नाकडे गेली.)

आणि फक्त मॉडेलच कशाला? अमेरिकेच्या जॉन मूडीने १९७६ मध्ये ऑशकॉशच्या एअर शोमध्ये हँग ग्लायडरसारख्या यंत्राला मॅक्युलॉकचं गो-कार्टचं इंजिन लावलं आणि स्वतःच्या पायांनी धावत टेकऑफ घेतला! मॅक्युलॉक म्हणजे चेनसॉसाठीच गाजलेली कंपनी.

ऑपरेशन चेनसॉ

आधी पात, साखळी, साखळीला तेल देणारा पंप, हँडल, क्लच, दोरीचा स्टार्टर... सगळं उतरवायचं. चेनसॉच्या फ्लायव्हीलवर इंजिन थंड ठेवणारी पाती असतात. विमानात ते काम समोरून येणारा वारा करतो, म्हणून तीही छाटता येतात.

मग खरी परीक्षा. क्रँकशाफ्टच्या टोकावर प्रोपेलर बसवायला हब लागतो आणि तो लेथवर अगदी मापात बनवावा लागतो. जरा वाकडा झाला तर सगळं विमान थरथरणार. आधीच एका सिलिंडरचं इंजिन जाम हादरे देतं. नटबोल्ट ढिले होतात, लाकडी सांधे सुटतात.

अनेक जण मॅग्नेटोच्या जागी बॅटरीवरचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावतात. जड फ्लायव्हील जातं, वजन उतरतं. शिवाय सुरू करताना ठिणगी थोडी उशिरा पडते, त्यामुळे पंखा हातावर उलटा झटका मारण्याची शक्यता कमी होते. पण ठिणगी म्हटली की रेडिओला त्रास. म्हणून इग्निशन आणि रिसीव्हर एकमेकांपासून लांब ठेवायचे.

आणि हो, सगळी ताकद हाती लागत नाही बरं का! चेनसॉ मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेऊ शकते. मोठा प्रोपेलर लावला की इंजिन साधारण सात हजारांवर येतं. पण २२ इंची प्रोपेलर त्या वेगाने फिरला की त्याचं टोक ताशी ७०० किलोमीटरच्या वर जातं!

सगळ्यात महत्त्वाचं

ही गोष्ट वाचून विसरू नका. चेनसॉचा ट्रिगर सोडला की क्लच सुटतो आणि साखळी थांबते. पुढे चेन ब्रेकही असतो. म्हणजे कापायच्या मशीनमध्ये माणसाची काळजी घेणारे दोन पहारेकरी बसवलेले असतात. कन्व्हर्जनमध्ये आपण त्या दोघांनाही घरी पाठवतो! प्रोपेलर थेट शाफ्टवर बसतो, त्यामुळे इंजिन सुरू आहे तोवर तो फिरणारच. अगदी आयडलिंगलासुद्धा. बोटं जायला एक क्षण पुरतो. हे इंजिन बनवणाऱ्याची खरी अक्कल हबमध्ये नाही, त्याने किल स्विच कुठे बसवलाय त्यात दिसते.

तयार मिळतं, मग खटाटोप कशाला?

प्रश्न बरोबर आहे. आज जर्मनी, अमेरिका आणि चीनमधली खास विमानांसाठीची पेट्रोल इंजिनं सरळ विकत मिळतात. इलेक्ट्रिक मोटर्सही आल्यात. पैशांचा आणि वेळेचा हिशेब मांडला तर कन्व्हर्जन बहुधा हरेल. तरी लोक चेनसॉ उघडतात, कारण उघडल्याशिवाय कळत नाही. बाबांना स्कूटर तिरकी का करायची ते माहीत होतं. आपला मिक्सर बिघडला तर आपण आधी फोन शोधतो!

ट्राय करायचंय?

- पहिलंच विमान पेट्रोलचं नको. छोट्या इलेक्ट्रिक ट्रेनरवर हात बसवा. एनसीसीच्या एअर विंगमध्ये असाल तर एरोमॉडेलिंगची ओळख तिथेच होईल.
- इंजिन आधी भक्कम स्टँडवर चालवा. उभं राहायचं ते प्रोपेलरच्या मागे. समोर किंवा बाजूला कधीच नाही.
- ड्रोन नियम २०२१ नुसार मॉडेल विमान २५ किलोपर्यंतचं आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. जागा ग्रीन, यलो की रेड झोनमध्ये आहे, ते सरकारी नकाशावर आधी बघा. सोसायटीची गच्ची आणि गर्दीचं मैदान, दोन्ही बाद!

बाकी, पुढच्या मे महिन्यात खाली घर्रर्रर्र सुरू झालं की लगेच खिडकी लावू नका. दोन मिनिटं बघा. झाडावर उलटं लटकूनही न थांबणारं ते इंजिन निम्मं विमानच आहे!