गोठ्याच्या पत्र्याला खिळा नको, स्क्रू मारा

वळवाच्या वाऱ्यात गोठ्याचा पत्रा उडतो, तो पुष्कळदा खिळ्यापायी. वारा पत्रा खालून उचलतो, हिसके बसतात आणि गुळगुळीत खिळा हळूहळू वर येतो. स्क्रूचे आटे लाकडात रुतून बसतात, तो असा निघत नाही. सुटलेला पत्रा जनावरावर पडला तर काय होते, ते सांगायला नको.

स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेला घ्यावा. साधे लोखंड गोठ्यातल्या ओलीने, मुताने लवकर गंजते. पितळी स्क्रू दिसायला झकास. पण मुतातून सुटणाऱ्या अमोनियाने पितळ तडकते, तेव्हा तो घराच्या दारालाच ठेवा. लांबी बघताना पन्हळीची उंची सोडून निदान दीड इंच आटे वाशात जायला हवेत.

भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे. खोलगटात पाडले की गळालेच समजा. वाशात आधी गिरमिटाने स्क्रूहून बारीक भोक घ्या, म्हणजे लाकूड चिरत नाही. आट्यांना साबण चोळा. डोक्याखाली रबरी वायसर हवाच. तो दबेपर्यंत आवळा, पत्रा चेपेपर्यंत नको. कडेला स्क्रू जवळजवळ मारा, वारा तिथूनच घुसतो. जुन्या खिळ्याचे भोक डांबराने बुजवून शेजारच्या उंचवट्यावर नवे घ्यावे.