'घरगुती जेवण' म्हणजे कोणाच्या घरचे?

विद्येचे शहर म्हटले की दोन पाट्या हमखास दिसतात. एक 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' आणि दुसरी 'घरगुती जेवण मिळेल'. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, विद्यापीठालगतच्या बेगमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा या वस्त्यांतून एक फेरी मारा, या पाट्या पावलोपावली भेटतील. बीड, जालना, परभणी, हिंगोलीच्या खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली मुले 'घरगुती' हा शब्द वाचून आत शिरतात. आमचा प्रश्न साधा आहे. ताटात जे येते ते नेमके कोणाच्या घरचे असते?

बहुतेक मेसचे ताट आता वाचकांच्या पाठ झाले असेल. रोजचा बटाटा, सोडा घालून घाईत शिजवलेली पातळ डाळ, गार झालेल्या पोळ्या आणि वर लाल तर्री. रविवारी दुपारी 'फिस्ट' म्हणून एक गोड पदार्थ आणि रात्री मेसला सुट्टी. ज्या घरातून ही मुले आली त्या घरात मात्र चूल वेगळी पेटते. तिथे ज्वारीची भाकरी आहे, घट्ट पिठले आहे, आंबाडीची भाजी आहे, शेंगदाण्याचा ठेचा आहे, येसराची आमटी आहे. पावसाळ्यात तांदुळजा आणि घोळ आहे, हाताशी पैसा नसेल तेव्हा कण्या आहेत आणि बाजाराच्या दिवशी सुकट-बोंबील किंवा वजडी आहे. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातील दलितांच्या चुलीवरचे हे अन्न प्रथमच सविस्तर नोंदवले. तोवर मराठीतील पाकशास्त्राच्या पुस्तकांना ही चूल दिसलीच नव्हती. पुस्तकात जे घर नव्हते, ते पाटीवरच्या 'घरगुती'त तरी कुठून येणार?

कोणी म्हणेल, शिकायला आलेल्यांना जिभेचे चोचले कशाला हवेत? हा चोचल्यांचा प्रश्न नाही. लंडनमध्ये शिकत असताना बाबासाहेब दिवसभर ग्रंथालयात अर्धपोटी बसत आणि रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्याने दिलेले पापड खाऊन पुन्हा वाचायला बसत, हे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. परमुलखात घरची चव माणसाला बसवून ठेवते, पुस्तक हातातून सुटू देत नाही. 1950 साली याच शहरात बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. नागसेनवनात आलेली पहिली पिढी अशाच भाकरीच्या बळावर शिकली. आजही पहिल्या सत्रातच गाठोडे बांधून गावी परतणारी मुले आहेत. त्यांच्या परतण्यामागे नापास होण्याचे कारण असते तसे न पचलेल्या जेवणाचेही असते.

गंमत पाहा, गरिबाची म्हणून हिणवली गेलेली भाकरी आज हॉटेलात चपातीहून महाग आहे. कारणे उघड आहेत. रेशनच्या दुकानाने वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ दिला, ज्वारी मागे पडली. शिवाय भाकरी एकेक करून थापावी लागते, तिची रास करून ठेवता येत नाही, तिला हात लागतो. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा तारांकित हॉटेलांनीही भाकरी मांडली. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली त्यांच्या मुलांना मात्र मेसमध्ये ती 'स्पेशल' म्हणून जादा पैसे मोजून घ्यावी लागते.

तरीही घरची चव या शहरात आहे. ती पाटीवर शोधू नये, कानाने शोधावी. ज्या गल्लीत संध्याकाळी सातच्या सुमारास परातीवर भाकरी थापल्याचा आवाज येतो, तिथे जावे. दोन खोल्यांच्या घरात एखादी मावशी दहा-पंधरा मुलांना जेवू घालते. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. तव्यावरची भाकरी थेट ताटात पडते. उधारी वहीत मांडली जाते आणि परीक्षेच्या दिवसांत हिशेब लांबला तरी ताट थांबत नाही. रिक्षावाला, बांधकामावरचा मजूर आणि पीएच.डी. करणारा विद्यार्थी एका पंगतीत बसलेले आम्ही अशाच घरांत पाहिले आहेत.

याउलट, आम्ही कायद्याचे शिक्षण घेत असताना एका खानावळीच्या दारात नाव सांगितल्यावर आडनाव विचारले गेले आणि आडनाव ऐकल्यावर 'जागा भरली' असे उत्तर मिळाले. तो अनुभव घेणारे आम्ही एकटे नव्हतो. म्हणून वकील या नात्याने एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. संविधानाच्या अनुच्छेद 15(2)ने सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली केली आहेत. 1955च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने 'हॉटेल' या शब्दाच्या व्याख्येतच खानावळीचा समावेश केला आहे. त्याच कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे किंवा तेथील भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे. कलम 12 तर आणखी महत्त्वाचे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर हे कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते आणि तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे असते. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तेव्हा आडनाव विचारून दार लावणाऱ्याला हे कलम ठाऊक असो वा नसो, आपल्या मुलांना ते ठाऊक असले पाहिजे.

आता पैशाचा हिशेब. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 साली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. तेव्हा या शहरासाठी भोजनाचे वर्षाला 28 हजार रुपये ठरले. वर्षाचे दहा महिने आणि दिवसाची दोन जेवणे धरली, तर एका जेवणाच्या वाट्याला 47 रुपयेही येत नाहीत. पोट रोज मागते, हप्ता मात्र सवडीने येतो. मधल्या महिन्यांत मुलांना सांभाळते ती सरकारी योजना नव्हे, तर त्या मावशीची वही. म्हणजे शासनाचे कर्ज ती गरीब बाई बिनव्याजी फेडत असते. तिला मात्र बँक दारात उभी करत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून दिले आणि त्या बाया ताठ उभ्या राहिल्या. गिरणगावात जे झाले ते नागसेनवनाच्या परिसरात का होऊ नये?

दरवर्षी 14 एप्रिलला आणि नामविस्तार दिनी, 14 जानेवारीला, आपल्या संघटना हजारो लोकांना भोजनदान करतात. ते चांगलेच आहे. पण एका दिवसाच्या भोजनदानातला थोडा भाग बाजूला काढून विद्यापीठालगतच्या वस्तीत महिला बचत गटाची एक कायमची खानावळ उभी करता येईल. तिथे रोज गरम भाकरी आणि हंगामातली पालेभाजी असावी, आठवड्यातून एकदा सुकट किंवा मटण असावे, आणि दारात कोणाचेही आडनाव विचारले जाऊ नये. योजनेचा हप्ता येईपर्यंतची उधारी संघटनेने उचलावी, मावशीने नव्हे. आणि ज्यांचे हप्ते आले आहेत त्या विद्यार्थ्यांनी मोबाइलचा विचार करण्यापूर्वी वहीतली बाकी फेडावी. मग 'घरगुती जेवण' ही पाटी आपणही लावू, आणि ते घर कोणाचे हे कोणाला विचारावे लागणार नाही.