डोलकाठीचे तणावे

शिडाच्या नौकेची डोलकाठी ज्या पोलादी तारांच्या आधारें उभी असते, त्यांस तणावे म्हणतात. जुने तणावे काढून नवे बसविले कीं काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु नवी तार भार येतांच थोडी लांबते, आणि धक्क्याशीं सरळ दिसणारी काठी समुद्रावर वांकूं लागते.

याकरितां प्रथम डोलकाठीच्या माथ्यापासून दोन्ही काठांपर्यंतचें अंतर फितीनें मोजावें. तें सारखें भरलें म्हणजे काठी मध्यावर आली असें समजावें. मग बेताच्या वाऱ्यांत नौका हांकावी. वारा ज्या अंगानें येतो त्याच्या उलट अंगाचा तणावा फारच लोंबत असल्यास त्याचें मळसूत्र कांहीं फेरे आवळावें, व नौका फिरवून दुसऱ्या अंगासही तितकेच फेरे द्यावे. भाराखालचें मळसूत्र फिरवूं नये, आटे झिजतात. अति आवळल्यास नौकेच्या सांगाड्यावरच ताण पडतो. शेवटीं प्रत्येक मळसूत्रांत खिळी घालावी, नाहीं तर तें आपोआप उलगडतें. कांहीं सफरींनंतर हीच तपासणी पुन्हां करावी.

काठी मोडणें म्हणजे केवढें संकट, हें सन २०१८ च्या सप्टेंबरांत दिसलें. गोव्यांत बांधलेल्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी हिंदी महासागरांतील वादळांत मोडली व एकटे नाविक अभिलाष टॉमी जायबंदी झाले. वादळ कोणाच्या हातीं नसतें. तणाव्यांची निगा मात्र आपल्या हातीं असते.