'व्हेअर'च्या मागोमाग 'डझ' का येतो?

'तो कुठे राहतो?' हे इंग्रजीत विचारताना आपली मुलं हमखास म्हणतात, 'व्हेअर ही लिव्ह्ज?' ही चूक निष्काळजीपणाची नाही. मुलं मराठीचा नियम इमानेइतबारे पाळत असतात, म्हणून ती होते.

मराठीत 'तो पुण्यात राहतो' यातला 'पुण्यात' काढला आणि तिथेच 'कुठे' ठेवला की प्रश्न तयार. बाकीचं वाक्य जागचं हलत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्नार्थक शब्द सुरुवातीला जातो आणि त्याच्या मागोमाग, कर्त्याच्या आधी, सहायक क्रियापद लागतं. 'ही इज स्लीपिंग'मध्ये 'इज' हाताशी आहेच, म्हणून 'व्हेअर इज ही स्लीपिंग?' 'ही लिव्ह्ज'मध्ये असा मदतनीस नाही; तिथे 'डू' बोलवावा लागतो. काळ आणि पुरुष दाखवण्याचं काम मग तोच करतो, त्यामुळे 'लिव्ह्ज'चं पुन्हा साधं 'लिव्ह' होतं: 'व्हेअर डझ ही लिव्ह?' 'डिड'नंतर 'वेन्ट' न येता 'गो' येतो, तोही याच कारणाने.

आता ही जोडी पाहा. 'हू सॉ रवी?' म्हणजे रवीला कोणी पाहिलं? 'हू डिड रवी सी?' म्हणजे रवीने कोणाला पाहिलं? मराठीत 'कोणी' आणि 'कोणाला' या रूपांतच फरक कळतो. रोजच्या इंग्रजीत दोन्हीकडे 'हू'च. 'हूम' आता औपचारिक लिखाणापुरताच उरला आहे. फरक दाखवतो तो शब्दांचा क्रम. कर्त्याविषयी विचारायचं असेल तर 'हू' कर्त्याच्याच जागी बसतो आणि 'डिड' लागत नाही. मला हा इंग्रजी प्रश्नरचनेचा गाभा वाटतो, आणि शिकवताना नेमका तोच घाईत उरकला जातो.

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ही उलटापालट थांबते. 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज' हे बरोबर. मुलांचं ते चुकलेलं 'व्हेअर ही लिव्ह्ज' इथे जसंच्या तसं चालतं! उलट 'टेल मी व्हेअर इज द स्टेशन' हे प्रमाण इंग्रजीत चूक. तिथे 'इज' शेवटी जातो.

एका ठिकाणी मात्र इंग्रजी अडते. 'पाच'चं 'पाचवा' होतं तसं आपण 'किती'चं 'कितवा' करतो. 'अब्दुल कलाम भारताचे कितवे राष्ट्रपती?' उत्तर सोपं, अकरावे. पण या 'कितवे'साठी प्रमाण इंग्रजीत एकही शब्द नाही.